ब्रश फिरतो, माती हलत नाही

लालबाग-परळच्या मूर्तिशाळांत गेल्या काही वर्षांत शाडूच्या गोळ्याशेजारी लॅपटॉप येऊन बसला आहे. मोठ्या मूर्तीचे काम आजही मुख्यतः हातानेच उरकते. पण मूर्तीचा पहिला लहान नमुना, मुकुटावरची नक्षी, प्रभावळीतले मोर किंवा सिंहासनाचे पाय संगणकावर घडवायचे, मग ते थ्रीडी प्रिंटरवर छापून किंवा सीएनसी यंत्रावर थर्मोकोलमध्ये कापून घ्यायचे, ही पद्धत आता कुणाला नवलाची वाटत नाही. तिकडे दादर-गिरगावात ॲनिमेशन शिकणारी मुले सिनेमा आणि गेम यांच्या ओढीने शिल्प कोरण्याचे हेच सॉफ्टवेअर उघडतात. एकाच्या बोटांना मातीची सवय असते, दुसऱ्याच्या बोटांना माउसची. तरी पहिल्या काही आठवड्यांत दोघे अडतात ते बहुतेक एकाच ठिकाणी.

या अडचणींचा आढावा घेताना एक भेद आधीच करून ठेवतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. काही अडचणी बटणाच्या असतात आणि काही हाताच्या. बटणाची अडचण उत्तर ठाऊक असलेल्या माणसाकडून अर्ध्या मिनिटात सुटते, आणि ठाऊक नसेल तर अख्खा दिवस खाते. हाताची अडचण कुठल्याही बटणाने सुटत नाही, तिला महिने द्यावे लागतात. नवशिक्याला या दोन्ही सारख्याच दिसतात. मूर्ती ब्रशपासून झाकणारा साधा मास्क पडलेला असताना ‘मला जमतच नाही’ म्हणून तो खचतो, आणि नाकाची ठेवण चुकलेली असताना नवा ब्रश डाउनलोड करत बसतो. शिकवणाऱ्याचे पहिले काम हा गुंता सोडवणे हे आहे, आणि नेमके तेच फार कमी ठिकाणी होते.

मुंबईत शिल्प शिकायला जागांची वाण कधीच नव्हती. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झाले. गणपतराव म्हात्रे, विनायकराव करमरकर, बाळाजी तालीम हे शिल्पकार तिथूनच घडले. शाळेबाहेर मूर्तींची परंपराही होतीच : गिरगावात केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. लालबागच्या राजाचे मंडळ १९३४ चे, आणि ती मूर्ती १९३५ पासून कांबळी कुटुंब घडवते. शाळेत काय किंवा कारखान्यात काय, शिकणे व्हायचे ते कुणाच्या तरी शेजारी बसून. हात चुकला की शेजारचा हात येऊन तो वळवायचा. सॉफ्टवेअर मात्र बहुतेक जण एकट्याने, खोलीचे दार लावून शिकतात. बटणाची अडचण दिवस खाते त्याचे मूळ इथे आहे.

आधी बटणाच्या अडचणी. झी-ब्रश हे या क्षेत्रातले जुने आणि अजूनही सर्वांत वजनदार नाव. पिक्सोलॉजिक ही त्याची कंपनी १९९७ ची, आणि १९९९ साली लोकांसमोर आले तेव्हा झी-ब्रश मुळात चित्र काढण्याचे साधन होते. कागदावरच्या प्रत्येक ठिपक्याला रंगासोबत खोलीही देता यावी, एवढी त्यामागची कल्पना. तो जन्म आजही नवशिक्याला भोवतो. गोळा पडद्यावर ओढला आणि ‘एडिट’ दाबायचे राहिले, तर झी-ब्रशच्या लेखी तो गोळा चित्राचा भाग झाला. त्यानंतर ब्रशचा प्रत्येक फटकारा नवा गोळा उमटवतो. पडदा गोळ्यांनी भरतो आणि मुलगा प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडतो. उपाय असा : कंट्रोल आणि एन दाबून पडदा पुसा, गोळा एकदाच ओढा, लगेच टी (म्हणजेच ‘एडिट’) दाबा, आणि मग ‘मेक पॉलीमेश थ्रीडी’ करा. ही शेवटची पायरी राहिली तर गोळा दिसतो, फिरतो, पण कोरू देत नाही.

त्याच जन्माचा दुसरा फटका सेव्ह करताना बसतो, आणि तो फार जिव्हारी लागतो. झी-ब्रशमध्ये ‘डॉक्युमेंट’ सेव्ह केले तर वाचते ते पडद्यावरचे चित्र. कोरलेली मूर्ती वाचवायची तर ‘टूल’ किंवा ‘प्रोजेक्ट’ सेव्ह करावे लागते. नुसत्या डॉक्युमेंटवर भागवले तर दुसऱ्या दिवशी फाइल उघडली की समोर मूर्ती दिसते, पण ती फिरत नाही. असे झाले तर सर्वांत आधी लाइटबॉक्समधला क्विकसेव्हचा कप्पा पाहावा, पुष्कळदा आदली प्रत तिथे सापडते. आणि इथून पुढे दर टप्प्याला नव्या क्रमांकाने फाइल जपावी. एकाच नावावर पुन्हा पुन्हा सेव्ह करणे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये धोक्याचेच.

‘ब्रश फिरतोय, पण काहीच होत नाही’ ही तक्रार सर्वाधिक ऐकू येते. तिची कारणे मोजकी आहेत. पहिले कारण मास्क. झी-ब्रशमध्ये कंट्रोल दाबून रिकाम्या जागेत ओढले तर मास्क पुसला जातो, आणि ओढण्याऐवजी नुसती टिचकी मारली तर मास्क उलटतो. मास्क मुळात नसताना ही टिचकी पडली की सगळी मूर्ती झाकली जाते. ती सगळीकडून सारखीच काळवंडते, त्यामुळे काही बदलले हेही ध्यानात येत नाही. दुसरे कारण, निवडलेला भाग वेगळाच असतो. आपण मुकुटावर ब्रश फिरवतो आणि प्रोग्रामच्या लेखी हातात सोंड असते. तिसरे, ब्रशला उंचीऐवजी फक्त रंग भरायला सांगितलेले असते. ब्लेंडर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये याच तक्रारीचा उगम बहुधा मोडमध्ये सापडतो : आपण स्कल्प्ट मोडमध्ये आहोत असे वाटते आणि असतो ऑब्जेक्ट मोडमध्ये, किंवा स्कल्प्ट मोडमध्ये असतो पण तो दुसऱ्याच वस्तूचा. अर्धी मूर्ती एकाएकी गायब झाली तर ती पुसली गेली असे समजून घाबरू नये, बहुतेक वेळा तो भाग फक्त लपवला गेलेला असतो. झी-ब्रशमध्ये कंट्रोल आणि शिफ्ट दाबून रिकाम्या जागेत टिचकी मारली की तो परत येतो.

पेनचा दाब न लागणे हीही बटणाचीच अडचण. जुन्या टॅबलेटचा ड्रायव्हर काढून न टाकता नव्याचा टाकला की दोघांची भांडणे होतात. जुना पूर्ण काढून संगणक पुन्हा सुरू करावा. नंतर विंडोज इंक एकदा चालू ठेवून आणि एकदा बंद करून पाहावे. ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘इनपुट’खाली टॅबलेटची निवड वेगळी दिलेली आहे, तीही बदलून पाहावी. एवढ्यात बहुतेक पेन सुधारतात.

खरा मोठा प्रश्न मेशचा आहे. बटण आणि हात यांची गाठ तिथे पडते. पडद्यावरची माती ही माती नसून छोट्या चौकोनांचे जाळे असते. हा चौकोन म्हणजे पॉलीगॉन. चौकोन मोठे असतील तर डोळ्याची पापणी त्यांत मावतच नाही, कोरायला गेले की पायऱ्या पडतात. मग नवशिका घाईने जाळे बारीक करतो. दर पातळीला पॉलीगॉन चौपट होतात : ५ हजारांचे २० हजार, पुढे ८० हजार, ३ लाख २० हजार, आणि पाचव्या खेपेला ५१ लाख २० हजार. आता संगणक धापा टाकतो. पण संगणक धापा टाकतो यापेक्षाही मोठे नुकसान वेगळेच असते. इतक्या बारीक जाळ्यावर गाल थोडा भरायचा म्हटला तर ब्रश लाखो बिंदू एकेक करून ढकलत जातो आणि गालावर ढेकळे उठतात. ती बसवायला शिफ्ट दाबून गुळगुळीत करायला जावे, तर तेही लागत नाही, कारण गुळगुळीत करणारा ब्रश शेजारशेजारच्या बिंदूंची सरासरी काढतो आणि इथे शेजारी अगदी चिकटून बसलेले असतात. मुलाला वाटते आपला हात जड आहे. हात ठीक असतो. तो चुकीच्या पातळीवर काम करत असतो एवढेच.

इथे मूर्तिशाळेत वाढलेल्या मुलाला एक शहाणपण वारशाने मिळालेले असते. शाडूत कुणी आधी पापणी कोरत नाही. आधी बैठक, पोटाचा भार, मांड्यांचा पसारा, डोके आणि खांदे यांचे माप, आणि मग चेहरा. दागिन्यांची पाळी सर्वांत शेवटी येते, आणि डोळ्यांची आखणी तर रंगकामाच्याही अखेरीस. पडद्यावरही क्रम हाच हवा. खालच्या पातळीवर, काही हजार पॉलीगॉनमध्ये, मूर्ती दुरून ओळखू आली पाहिजे. तिथे ती ओळखू येत नसेल तर वरच्या पातळीला जाण्यात अर्थ नाही. क्लासमध्ये पहिल्याच आठवड्यात त्वचेवरची छिद्रे आणि सुरकुत्या उमटवायला शिकवतात त्याबद्दल मला राग आहे, कारण मुलांना ते दाखवायला सोपे आणि मोहक असते आणि पाया मात्र कच्चा राहतो.

जाळे नव्याने विणण्याची सोय दोन्हीकडे आहे. झी-ब्रशमध्ये डायनामेश, ब्लेंडरमध्ये व्हॉक्सेल रीमेश. गोळा खूप ताणला, सोंड लांब ओढली की त्या जागचे चौकोन ताणले जातात. रीमेश केले की ते पुन्हा सारखे होतात. नवशिक्याची त्रेधा उडते ती यातल्या आकड्यामुळे. डायनामेशचा ‘१२८’ हा आकडा त्या भागाच्या आकारमानाशी बांधलेला असतो, म्हणून तोच आकडा धडाला एक परिणाम देतो आणि मोदकाला वेगळाच. ब्लेंडरमध्ये गणित उलटे आहे. तिथे व्हॉक्सेलची लांबी द्यायची असते. ती मोठी दिली तर बोटे एकमेकांना चिकटून मुठीचा गोळा होतो, आणि फार छोटी दिली तर संगणक तिथेच थिजतो. लांबी निम्मी केली की पॉलीगॉन साधारण चौपट होतात हे ध्यानात ठेवून हळूहळू खाली यावे. आणि रीमेश करण्याआधी ‘अप्लाय स्केल’ केलेले असावे. ते राहिले आणि वस्तू एका बाजूने ताणलेली असली, तर जाळे आणि ब्रश दोन्ही वेडेवाकडे वागतात. ब्लेंडरच्या नवशिक्याला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट कोणती असे विचारले तर मी हीच सांगेन.

गणपतीच्या कानावरून आणखी एक अडचण छान समजते. कान पातळ असतो. पुढून खळगा केला की मागून टेंगूळ येते आणि दोन्ही पृष्ठभाग एकमेकांतून आरपार जातात. ब्रशच्या क्षेत्रात मागची बाजूही येते, हे त्याचे कारण. झी-ब्रशमध्ये ‘बॅकफेस मास्क’ आणि ब्लेंडरमध्ये ‘फ्रंट फेसेस ओन्ली’ चालू केले की ब्रश समोरच्या बाजूपुरता राहतो. शेला, पितांबराच्या निऱ्या, कमळाच्या पाकळ्या यांना हाच उपाय. पण मुळात पातळ भाग सुरुवातीला जाडच ठेवावेत आणि शेवटी उतरवावेत, हा मातीतला नियम इथेही चालतो.

सिमेट्रीचे सुख नवशिक्याला फार भावते, कारण एक डोळा केला की दुसरा आपोआप होतो. ती एकाएकी बिघडली तर समजावे की वस्तू मध्यापासून सरकली आहे. ब्लेंडरमध्ये सिमेट्री वस्तूच्या स्वतःच्या मध्यबिंदूवर चालते, झी-ब्रशमध्ये त्यासाठी ‘लोकल सिमेट्री’ आहे. गणपतीच्या बाबतीत चेहरा समोरासमोर, सोंड सरळ ठेवून पूर्ण करावा आणि मगच सोंड डावीकडे वळवावी. आधी सोंड वळवून मग गाल सारखे करायला जाणारा मुलगा त्यातून लवकर बाहेर पडत नाही. मात्र शेवटपर्यंत सिमेट्री चालू ठेवलेली मूर्ती निर्जीव दिसते, हेही तितकेच खरे. अखेरीला ती बंद करून दोन्ही भुवया वेगवेगळ्या हाताळाव्या लागतात.

इथून पुढच्या अडचणी निव्वळ हाताच्या आणि डोळ्याच्या आहेत. झी-ब्रशमधल्या लालसर मेणासारख्या मटेरियलवर मुले वर्षानुवर्षे काम करत आली आहेत. त्यातला उजेड मटेरियलमध्येच मुरवलेला असतो, त्यामुळे उथळ रेघही खोल आणि देखणी भासते. तीच मूर्ती छापून हातात आली की सपाट दिसते. साधे राखाडी मटेरियल घ्यावे, दिवा एका बाजूला न्यावा, मूर्ती फिरवावी. कारखान्यात कारागीर फिरता पाट खिडकीच्या उजेडात फिरवून पाहतो, त्यामागे हेच कारण आहे. नुसती काळी छाया करून पाहणेही उपयोगी पडते. बाह्यरेषा बोलत नसेल तर आतली नक्षी तिला वाचवू शकत नाही.

पर्स्पेक्टिव्हचा प्रश्न आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. पर्स्पेक्टिव्ह बंद ठेवून किंवा कॅमेरा अगदी नाकाशी आणून केलेला चेहरा दुसऱ्या कोनातून फसतो. मंडळाची मूर्ती तर भाविक खालून पाहतो. अठरा फुटी मूर्तीचे मुख त्याच्या डोळ्यांच्या कितीतरी वर असते. समोरून प्रमाणबद्ध वाटणारे डोके तिथून लहान आणि मागे गेलेले दिसते. जाणते मूर्तिकार डोके किंचित मोठे ठेवतात, मान पुढे झुकवतात, नजर खाली वळवतात. सॉफ्टवेअरमध्ये हे पाहणे उलट सोपे आहे : पाच-साडेपाच फुटांवर कॅमेरा ठेवायचा, दर्शनाच्या रांगेइतका मागे न्यायचा आणि वर पाहायचे. एवढे करणारा नवशिका मला क्वचितच दिसतो.

मूर्ती पडद्याबाहेर येताना मापाचा घोळ होतो. प्रिंटिंगला दिल्या जाणाऱ्या एसटीएल फाइलमध्ये एकक नसते, फक्त आकडे असतात. ब्लेंडरमध्ये दोन मीटरची असलेली मूर्ती प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन मिलिमीटरची होऊन बसते, ती यामुळेच. इंच आणि मिलिमीटर यांची गल्लत झाली तर फरक २५.४ पटींचा पडतो. निर्यात करताना माप ठरवून टाकावे आणि प्रिंट करण्यापूर्वी उंचीचा आकडा वाचावा. दुसरे, जाळे सर्व बाजूंनी बंद हवे. दागिने शरीरात नुसते खुपसून ठेवले तर आत भिंती उरतात आणि प्रिंटरला आत-बाहेर कळत नाही. सगळे भाग एकजीव करून मगच फाइल द्यावी. लाखो पॉलीगॉनची फाइल तशीच न पाठवता डेसिमेशनने हलकी करावी, डोळ्याला फरक कळतही नाही. रेझिनमध्ये पोकळ मूर्ती छापायची असेल तर आतले रेझिन निघून जायला भोके ठेवावी लागतात.

यापुढची गोष्ट साच्याची, आणि ती सॉफ्टवेअर कुणालाच सांगत नाही. पडद्यावर सोंडेमागची खोल खोबण सुंदर दिसते. पण रबराचा साचा त्या खोबणीत अडकतो, फायबरचा तर निघतच नाही. साचा किती तुकड्यांत उघडणार, जोड कुठे येणार, हे कोरण्याआधी ठरवायला हवे. मोठे करण्याचे गणितही आधीच मांडायला हवे. दीड फुटाचा नमुना अठरा फुटांवर नेला तर उंची बारापट होते, रंगवायचे क्षेत्र १४४ पट आणि आकारमान १७२८ पट. प्रिंटमधला ०.२ मिलिमीटरचा थर तिथे २.४ मिलिमीटरची पायरी होतो. गुजरातेतला सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा धुळ्याजवळच्या गोंदूरचे, जे. जे.त शिकलेले राम सुतार यांनी घडवला. तिथेही आधी लहान प्रतिकृती हाताने घडली आणि तिच्या डिजिटल स्कॅनवरून पुढची वाढ झाली. यंत्र मोठे करते ते आधी घडलेले रूपच, त्यातल्या चुकांसकट.

आता दोन व्यावहारिक प्रश्न. घरातले पैसे बेताचे असतील तर महागड्या ग्राफिक्स कार्डाची घाई नको. झी-ब्रशचे काम मुख्यतः प्रोसेसर आणि रॅमवर चालते. १६ जीबी रॅम आणि साधा पेन टॅबलेट एवढ्यावर शिकणे उत्तम होते. सॉफ्टवेअर कोणते हा दुसरा प्रश्न. झी-ब्रश २०२२ च्या सुरुवातीपासून मॅक्सन कंपनीकडे आहे आणि आता वर्गणी भरून घ्यावे लागते. ब्लेंडर २००२ पासून मुक्त आहे, आणि २०१९ मध्ये त्यात व्हॉक्सेल रीमेश आल्यापासून शिल्पकामासाठीही ते भरवशाचे झाले आहे. फोन-टॅबलेटवर नोमॅड स्कल्प्ट आहे, त्याची मांडणी नवशिक्याला तिघांत सर्वांत कमी घाबरवते. माझे मत स्पष्ट आहे : सुरुवात ब्लेंडर किंवा नोमॅडने करावी, आणि कामाचे पैसे मिळू लागले की झी-ब्रशची वर्गणी भरावी. चोरीची प्रत घेऊन शिकणे कायद्याने तर चुकीचेच, पण तोट्याचेही आहे. क्लासमधल्या नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल घरच्या जुन्या प्रतीत उघडत नाही, आणि मग मूर्ती संगणकातच अडकून पडते.

राहिला शिकवण्याचा प्रश्न. बटणाच्या अडचणींची उत्तरे मोजकी आहेत, ती मराठीत नीट लिहून प्रत्येक मूर्तिशाळेच्या आणि क्लासच्या भिंतीवर लावता येतील. जे. जे.मधल्या आणि क्लासमधल्या जाणत्या मुलांनी हे काम अंगावर घ्यावे. हाताच्या अडचणींसाठी मात्र जुन्या मूर्तिकारांकडेच जावे लागेल. गणपती गेले, नवरात्र सरले की कारखान्यांत थोडी उसंत असते. त्या दिवसांत आठवड्यातून एक संध्याकाळ संगणकावर घडवून छापलेल्या मूर्ती त्यांच्यासमोर मांडाव्यात आणि त्यांनी पेन्सिलीने त्यांवर खुणा कराव्यात : इथे मान बसली, इथे पोट हलके आहे, इथे साचा अडकेल. लालबाग-परळच्या मूर्तिकारांनी आपल्या कारखान्याचे दार या मुलांसाठी उघडावे, आणि मुलांनी लॅपटॉप काखेत मारून तिथे जावे, एवढी विनंती.